वाईहून सांगलीला रेल्वेने जायचंय? तिकीट स्वस्तात कसं पडेल ते बघा

रेल्वेच्या ॲपमध्ये 'वाई' शोधलं तर काही सापडत नाही, कारण वाईला स्टेशनच नाही. पुणे–मिरज मार्गावरची वाठार (कोड डब्ल्यूटीआर) आणि सातारा (कोड एसटीआर) ही आपली जवळची स्टेशनं. त्यामुळे सांगली, मिरज किंवा कोल्हापूरची छोटी ट्रिप ठरवताना खर्च वाई स्टँडपासून मोजायचा. ॲप फक्त स्टेशन ते स्टेशन भाडं दाखवतं आणि आपला हिशोब तिथेच चुकतो.

आधी स्टेशन ठरवा

वाठारला प्रत्येक गाडी थांबत नाही. उदाहरणार्थ, पुणे–कोल्हापूर वंदे भारत साताऱ्याला थांबते, वाठारला नाही. वाईहून साताऱ्याला एसटी सहज मिळते, पण सातारा स्टेशन स्टँडजवळ नसून शहराबाहेर माहुलीच्या बाजूला आहे. म्हणजे रिक्षाचा खर्च धरायलाच हवा. चौघांत तो वाटला जातो, एकट्याला जड जातो.

स्लीपर का महाग पडतो?

रेल्वे प्रत्येक क्लाससाठी किमान अंतराचं भाडं घेते. स्लीपरसाठी हे अंतर २०० किलोमीटर, तर थ्री एसीसाठी ३०० किलोमीटर आहे. सातारा ते सांगली अंतर २०० पेक्षा बरंच कमी, तरीही स्लीपर घेतला की पैसे २०० किलोमीटरचे जातात! दिवसाच्या प्रवासाला सेकंड सीटिंग (टूएस) किंवा जनरल पुरतं.

रिझर्वेशनचे जास्तीचे पैसेही बघा. टूएसला माणशी १५ रुपये रिझर्वेशन चार्ज. आयआरसीटीसीवर नॉन-एसी तिकिटाला यूपीआयने १० रुपये अधिक जीएसटी सुविधा शुल्क लागतं. हे शुल्क माणशी नसून तिकिटामागे असतं, म्हणून ग्रुपने एकच तिकीट काढा. एका तिकिटावर सहा जण बसतात.

गाडीचा नंबरही वाचा. १२, २० किंवा २२ ने सुरू होणाऱ्या नंबरच्या गाड्या साधारणपणे सुपरफास्ट असतात आणि त्यांचा सरचार्ज लागतो. कोयना (११०२९) आणि महाराष्ट्र एक्सप्रेस (११०३९) यांना तो लागत नाही.

जनरल तिकीट मोबाईलवर

जुलै २०२५ मध्ये आलेल्या रेलवन ॲपवर जनरल तिकीट काढता येतं. त्यात रिझर्वेशन चार्ज नाही. पण हे नियम लक्षात ठेवा:

१. २०० किलोमीटरच्या आतलं तिकीट आदल्या दिवशी मिळत नाही. काढल्यापासून ३ तासांत प्रवास सुरू करावा लागतो. म्हणून वाईत घरी बसून काढण्यापेक्षा साताऱ्यात उतरल्यावर काढा.

२. पेपरलेस तिकीट फलाटावर उभं राहून काढता येत नाही. टीसी दिसल्यावर कुणी पटकन तिकीट काढू नये म्हणून ॲप जीपीएसने तुमची जागा तपासतं. आत पोचलाच असाल तर स्टेशनवरचा क्यूआर कोड स्कॅन करा.

३. स्क्रीनशॉट चालत नाही. तिकीट ॲपमध्येच दाखवायचं, त्यामुळे चार्जिंग सांभाळा.

४. पेपरलेस तिकीट रद्द होत नाही, म्हणून गाडी किती लेट आहे ते आधी बघा.

आणि जनरल तिकिटावर रिझर्व्हड डब्यात चढू नका. पकडलं तर भाड्यावर किमान २५० रुपये दंड बसतो. सगळी बचत तिथेच संपते.

एसटीशी तुलना कराच

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत, तर ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. रेल्वेत महिलांना अशी सरसकट सूट नाही आणि ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. त्यामुळे मैत्रिणींचा ग्रुप असेल किंवा आजीला सोबत न्यायचं असेल, तर थेट एसटी स्वस्त पडू शकते.

मी स्वतः मोबाईलच्या नोट्समध्ये दोन ओळी लिहितो. पहिलीत वाई–सातारा एसटी, रिक्षा, रेल्वे तिकीट आणि उतरल्यावरची रिक्षा. दुसरीत थेट एसटीचं भाडं. दोन्हींना माणसांच्या संख्येने भागलं की उत्तर समोर येतं. फरक वीस-तीस रुपयांचाच असेल, तर ज्या गाडीची वेळ सोयीची ती पकडा. शनिवार-रविवारी आणि सणासुदीला मात्र जनरल डबा भरलेला असतो, तेव्हा टूएसचे १५ रुपये वाचवू नका.