सात दिवस आकडा आला नाही, म्हणून आज येईल का?

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एखाद्या दुकानात एका पिशवीत सारख्या दिसणाऱ्या १० बंद डब्या आहेत असं समजा. ६ कुंकवाच्या, ४ हळदीच्या. न बघता एक डबी काढली, तर हळद मिळण्याची शक्यता ४/१०.

ती डबी परत टाकून पिशवी हलवली आणि पुन्हा एक काढली, तर? पिशवीत पुन्हा १० डब्या, हळदीच्या ४. शक्यता तीच. पहिल्या वेळी काय आलं याचा दुसऱ्या वेळेवर काहीच परिणाम नाही. अशा घटनांना 'स्वतंत्र घटना' म्हणतात.

दोन्ही वेळा हळद येण्याची शक्यता किती?

स्वतंत्र घटनांच्या शक्यतांचा गुणाकार करायचा: ४/१० × ४/१० = १६/१००, म्हणजे १६ टक्के. डबी परत टाकली नाही, तर ४/१० × ३/९, म्हणजे साधारण १३ टक्के.

मग लोक फसतात कुठे?

मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर आकडा लावला जायचा. ते बंद झाल्यावर, १९६० च्या दशकात, ० ते ९ अंकांच्या चिठ्ठ्या मातीच्या मटक्यातून काढू लागले. म्हणून या जुगाराचं नाव पडलं मटका.

"सात बरेच दिवस आला नाही, आज येणारच," असं म्हणत आकडा लावणारे पैसे वाढवत जातात. पण दर वेळी दहाही चिठ्ठ्या मटक्यात असतील, तर सात येण्याची शक्यता रोज १/१०. कालचा आकडा मटक्याला आठवत नसतो.

१० वेळा चिठ्ठी काढली, तर एकदा तरी सात येईलच ना? तसंही नाही. दहाही वेळा सात न येण्याची शक्यता ९/१० चा दहा वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ३५ टक्के.

आणि पैशांचं काय?

समजा १० रुपये लावले आणि आकडा लागल्यावर नऊपट, म्हणजे ९० रुपये मिळाले. शक्यता १/१०, म्हणून सरासरी परत येतात ९ रुपये. दर डावाला एक रुपया गेला. जितके जास्त डाव, तितका मोठा तोटा. कायद्यानेही महाराष्ट्रात मटक्याला बंदी आहे.

'आता येणारच' असं वाटलं की एवढंच विचारायचं: चिठ्ठी परत टाकली होती ना? टाकली असेल, तर काल काय आलं याचा आजच्या निकालाशी संबंध नाही.