एका साच्याचा आवाज

मँचेस्टरला भाच्याकडे गेले होते, तेव्हाची गोष्ट. “मावशी, आज तुला गिरण्यांचं संग्रहालय दाखवतो,” असे तो म्हणाला, तेव्हा मनातून मी जरा हिरमुसलेच. लालबागच्या चाळीत वाढलेल्या मुलीला गिरणीचे काय अप्रूप!

हे संग्रहालय आहे एका जुन्या आगगाडीच्या स्थानकाच्या आवारात. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, तेव्हाचे हे स्थानक. लिव्हरपूल बंदरात उतरलेला कापूस ह्याच वाटेने येई. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस अडला आणि ह्या गिरण्यांनी आपल्या देशातल्या कापसाकडे धाव घेतली. उलट, कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत गिरणी काढल्यापासून पुढे आपल्याकडे बसलेली कितीतरी यंत्रे ह्याच लँकेशायर परगण्यात घडलेली. म्हणजे नाते जुनेच म्हणायचे!

आत एका बाईंनी माग चालू करून दाखवला. आमच्या गिरणगावात त्याला ‘साचा’ म्हणतात. धोटा इकडून तिकडे धावू लागला आणि त्या खडखडाटात भाच्याचे बोलणे मला ऐकूच येईना. एका साच्याची ही कथा. मग शेकडो साच्यांच्या खात्यात काय होत असेल? बाईंनी साचा थांबवून सांगितले, “इथल्या बायका ओठांच्या ठळक हालचालींनी आणि हातवाऱ्यांनी बोलत. त्याला ‘मी-मॉइंग’ म्हणत. पुष्कळांचे कान कायमचे गेले.”

मला एकदम दादा आठवले. दादा, म्हणजे माझे वडील, साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर त्यांना पुन्हा काम मिळाले नाही. आम्ही बोलू लागलो की ते एकटक तोंडाकडे बघत. मला वाटे, रागावलेत. पाहुण्यांपुढे ते मोठ्याने बोलत, तेव्हा लाज वाटे. ते आमचे ओठ वाचीत होते, हे कळायला मला सातासमुद्रापलीकडे जावे लागले!

परत आल्यावर दादांच्या समोर, उजेडाकडे तोंड करून बसले आणि न ओरडता, सावकाश सगळे सांगितले. ऐकून ते हसले. मग त्यांनी ओठांनी आणि हातांनी, अजिबात आवाज न करता, काहीतरी विचारले.

मला ते समजले. ते विचारत होते, “साचा नीट चालत होता ना?”