जामखेडची लोकशाळा

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी जामखेडमध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. नावाने तो दवाखाना असला, तरी कामाने लोकशाळा होती. गावांनी निवडलेल्या बाया तिथे शिकायला येत. बहुतेक निरक्षर, अनेक दलित वस्तीतल्या. बाळंतपण, जुलाब, कुपोषण हे विषय. पाठ्यपुस्तकाच्या जागी गप्पा, गाणी, एकमेकींचे अनुभव. जातीची शिवण सोडून एकत्र जेवणे हाही धडाच. शिकलेले त्या गावात सांगत आणि गावच्या अडचणी घेऊन पुन्हा जामखेडला येत. या येण्या-जाण्यातून तालुक्याचे गाव खेड्यांशी जोडले गेले. जिच्या हातचे पाणी चालत नव्हते, तिलाच बाळंतपणासाठी अपरात्री बोलावणे येऊ लागले.