एक बटण, एक ग्राहक, एक धंदा



ठाण्याहून खाडीपूल ओलांडला की कशेळी. रस्त्याला लागून गोदामंच गोदामं. जितका माल हलतो, तितकी बिलं, चलनं, स्टॉकच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढतात. आता समजा, भिवंडीतल्या एखाद्या तरुणाची बोटं यंत्रमागात गेली. डोकं तल्लख, हिशेब पक्का. अडतं कुठे? की-बोर्ड आणि माऊसपाशी!

ही अडचण सोडवणं हाच तुमचा धंदा होऊ शकतो. पण लगेच महागडं परदेशी उपकरण मागवू नका. आधी माणूस बघा. त्याची कोणती हालचाल न थकता, दरवेळी नेमकी होते? कोपर, पाय, मान? स्टीफन हॉकिंग यांना शेवटी गालाचा स्नायू साथ देत होता. चष्म्यावरचा इन्फ्रारेड सेन्सर ती हालचाल टिपायचा आणि ते त्यावर लिहायचे. इंटेलने ते सॉफ्टवेअर २०१५ मध्ये सर्वांसाठी मोफत खुलं केलं.

तुम्हीही फुकटातल्या गोष्टींपासून सुरुवात करा :

१. एकच हात चालतो? विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा दाबा, स्टिकी कीज सुरू करा. मग कंट्रोल आणि सी एकदम दाबायची गरज नाही, एकामागून एक चालतं.

२. बोलता येतं? गूगल डॉक्समध्ये मराठी व्हॉइस टायपिंग.

३. हात सरकत नाही? ट्रॅकबॉल. माऊस जागेवरच, फक्त गोळा फिरवायचा.

४. एकच हालचाल उरली आहे? ऑन-स्क्रीन की-बोर्डचं स्कॅनिंग. अक्षरं आपोआप उजळत जातात, हवं तिथे बटण दाबायचं. असं मोठं बटण जुन्या माऊसच्या डाव्या क्लिकला दोन तारा जोडून इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाला बनवून देऊ शकतो.

मग पैसे कशाचे घ्यायचे? बसवून देण्याचे, शिकवण्याचे आणि आठवड्याने परत येऊन बटणाची जागा, उंची, वेग नीट करण्याचे. वस्तू एकदाच विकली जाते, सेवा पुन्हा पुन्हा. दर आधीच सांगा. आणि प्रश्न घरच्यांना नाही, थेट त्या ग्राहकालाच विचारा. त्याला स्वतःचं बिलिंगचं काम सुरू करायचं असेल, तर राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त आणि विकास महामंडळाच्या कर्जाची माहितीही द्या.

या आठवड्याचा गृहपाठ : स्वतःचा माऊस बाजूला ठेवा आणि एका हाताने एक बिल बनवा. कुठे अडलात, ते वहीत लिहा. तीच तुमच्या सेवेची पहिली यादी!