मदरबोर्ड ‘गेला’ म्हणण्यापूर्वी...

महाविद्यालयाचा प्रकल्प दुसऱ्या दिवशी सादर करायचा असतो किंवा दुकानाचे जीएसटी विवरणपत्र भरण्याची मुदत संपत आलेली असते आणि नेमका त्याच वेळी संगणक असहकार पुकारतो. बटण पुन:पुन्हा दाबले तरी पडदा काळाच राहतो. संगणक दुरुस्तीसाठी नेल्यावर बहुतेकदा एका वाक्यात निदान ऐकायला मिळते, ‘मदरबोर्ड गेला.’ या एका वाक्याची किंमत मात्र मोठी असते. जुन्या जातीचा बोर्ड बाजारातून नाहीसा झालेला असेल, तर नव्या बोर्डासोबत प्रोसेसर आणि रॅमही नवी घ्यावी लागते. म्हणजे खर्च जवळपास नव्या संगणकाइतका होतो. प्रत्यक्षात सुरू न होणाऱ्या संगणकातील दोष अनेकदा सैल वायर, दमलेला एसएमपीएस किंवा नीट न बसलेली रॅम इतका साधा असतो. त्यामुळे निदानावर विश्वास ठेवण्यापूर्वी काही तपासण्या क्रमाने करून पाहणे केव्हाही हिताचे.

बटण दाबल्यावर काय घडते?

दोष शोधायचा, तर आधी संगणक सुरू कसा होतो हे समजून घ्यायला हवे. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये ‘एटीएक्स’ हे मानक आणले. तेव्हापासून संगणकाच्या दर्शनी भागावरील बटण दिव्याच्या बटणाप्रमाणे थेट वीज जोडत नाही. भिंतीवरील बटण चालू असते, तोवर एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक बारीकसा पुरवठा सतत करीत असतो. दर्शनी बटण दाबले की मदरबोर्ड एसएमपीएसला ‘सुरू हो’ असा संकेत देतो. मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू होतात. ते स्थिर झाल्यावर, साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत, एसएमपीएस ‘सर्व ठीक’ असा संकेत परत पाठवतो. हा संकेत मिळेपर्यंत प्रोसेसर जागा होत नाही. जागा झाल्यावर तो बायोसमधील पहिल्या सूचना वाचतो, रॅम व डिस्प्ले यांची प्राथमिक चाचणी घेतो आणि त्यानंतरच पडद्यावर काही तरी उमटते.

ही एक साखळी आहे. ती नेमकी कोणत्या कडीशी तुटली, हे संगणकाच्या वागण्यावरून ओळखता येते. कोणतीच हालचाल नसणे, पंखे फिरूनही पडदा काळा असणे आणि सुरू होऊन क्षणात बंद पडणे या तीन तक्रारी वरवर सारख्या वाटल्या, तरी त्यांची कारणे वेगवेगळी असतात.

आधी सावधगिरी

कॅबिनेट उघडण्यापूर्वी वीजकेबल काढून ठेवावी. केवळ संगणक ‘बंद’ करून भागत नाही, कारण ५ व्होल्टचा तो बारीक पुरवठा तेव्हाही सुरूच असतो. केबल काढल्यावर दर्शनी बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरले, तर बोर्डावर उरलेला विद्युतभार निघून जातो. भाग हाताळण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज नाजूक चिपमध्ये शिरत नाही. एसएमपीएसची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. भिंतीतील २३० व्होल्टचे तिच्या आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसीमध्ये रूपांतर होते आणि केबल काढल्यानंतरही हा दाब आतील कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहू शकतो. यंत्र वॉरंटीमध्ये असेल, तर स्क्रूला हात लावण्याआधी अटी वाचाव्यात.

कोणतीच हालचाल नसेल तर

सुरुवात भिंतीपासून करावी. त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहावा. यूपीएस असेल, तर तो वगळून थेट जोडणी करावी. वीजकेबल बदलून पाहावी आणि एसएमपीएसच्या मागील बाजूचे छोटे बटण चुकून बंद झालेले नाही ना, हे तपासावे. अनेक मदरबोर्डवर एक लहान दिवा असतो. केबल जोडताच तो लागला, तर निदान ५ व्होल्टचा पुरवठा बोर्डापर्यंत पोहोचतो आहे, एवढे कळते.

यानंतर संशय दर्शनी बटणावर घ्यावा. वर्षानुवर्षांच्या वापराने हे बटण झिजते किंवा त्याची बारीक वायर बोर्डावरून निसटते. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत ‘पॉवर स्विच’ म्हणून दाखवलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या आणि संगणक सुरू झाला, तर दोष केवळ बटणाचा आहे. बोर्ड बदलण्याचा प्रश्नच उरत नाही.

तरीही शांतता असेल, तर एसएमपीएस तपासावा. केबल काढून त्याचे सर्व जोड बोर्ड आणि इतर भागांपासून वेगळे करावेत. २४ पिनांच्या मोठ्या जोडामधील हिरवी वायर आणि शेजारची एक काळी वायर कागदाच्या क्लिपने जोडून मग वीज सुरू करावी. हल्लीच्या अनेक एसएमपीएसमध्ये सर्वच वायरी काळ्या असतात. अशा वेळी माहितीपुस्तिकेतील आकृती पाहून १६ क्रमांकाची पिन शोधावी. पंखा फिरला नाही, तर बहुधा एसएमपीएसच दोषी आहे. पंखा फिरला म्हणजे तो निर्दोष ठरला, असे मात्र नव्हे. मल्टिमीटर असल्यास पुरवठे मोजावेत. १२ व्होल्टचा पुरवठा ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टचा ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत असायला हवा. भार नसताना योग्य दिसणारा दाब भार पडताच कोसळू शकतो. म्हणून दुसरा चालू एसएमपीएस लावून पाहणे हीच खरी कसोटी होय.

पंखे फिरतात, पडदा काळा

पहिली पाहणी मॉनिटरची. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असताना मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या जोडात लावलेली असणे, ही नेहमी घडणारी चूक आहे. दुसरी पाहणी प्रोसेसरजवळच्या चार किंवा आठ पिनांच्या वीजजोडाची. तो जोडायचा राहिला, तर पंखे उत्साहाने फिरतात, पण प्रोसेसरला वीजच मिळत नाही. नव्याने जुळणी केलेल्या संगणकात हा प्रकार हमखास आढळतो.

त्यानंतर रॅम. दमट हवेत, विशेषत: पावसाळ्यात आणि किनारपट्टीवर, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ धरतो. केबल काढून रॅम बाहेर घ्यावी, पट्ट्यांवरून मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवावे, भुगा पूर्ण झटकावा आणि रॅम दोन्ही बाजूंनी ‘खट्’ आवाज येईपर्यंत बसवावी. दोन रॅम असतील, तर एकेक लावून पाहावी.

बोर्डाला बोलते करण्याचाही एक मार्ग आहे. जुन्या संगणकांत छोटा स्पीकर असे. आता तो सुटा विकत घ्यावा लागतो, पण किरकोळ किमतीत मिळतो. चाचणीत दोष आढळल्यास बायोस ठरावीक पद्धतीने बीप वाजवतो. ‘अवॉर्ड’ बायोसमध्ये एक लांब व दोन आखूड आवाज डिस्प्लेचा दोष दाखवतात, तर पुन:पुन्हा येणारे लांब आवाज रॅमकडे बोट दाखवतात. प्रत्येक बायोसची भाषा वेगळी असल्याने अर्थ माहितीपुस्तिकेतच पाहावा. स्पीकर लावून, सर्व रॅम काढून संगणक सुरू केल्यास तक्रारीचे बीप ऐकू आले, तर प्रोसेसर आणि बायोस किमान काम करताहेत, असा निष्कर्ष काढता येतो. आवाजच आला नाही, तर संशय एसएमपीएस, प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यापुरता उरतो. अलीकडच्या अनेक बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले आणि बूट असे चार दिवे असतात. जो दिवा लागून राहतो, तेथे गाडी अडलेली असते.

डीडीआर-५ रॅम असलेल्या नव्या संगणकाबाबत थोडा धीर धरावा. पहिल्यांदा सुरू करताना किंवा रॅम बदलल्यानंतर बोर्ड रॅमशी वेळेचा मेळ जुळवत असतो आणि त्यात काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो. घाबरून वीज बंद केली, तर ही प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नवा प्रोसेसर जुन्या बायोसला ओळखता येत नसेल, तरीही पडदा काळाच राहतो. तेथे बोर्ड बदलण्याची नव्हे, तर बायोस अद्ययावत करण्याची गरज असते.

बायोसमधील बिघडलेली मांडणी पुसण्यासाठी केबल काढून बोर्डावरील ‘सीआर २०३२’ हा ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवावा. सेल बरीच वर्षे जुना असल्यास नवाच बसवावा.

सुरू होऊन लगेच बंद

ही लक्षणे बहुधा शॉर्टसर्किट किंवा उष्णता यांची असतात. प्रोसेसरवरील हीटसिंक सैल झाला असेल किंवा त्याखालची पेस्ट वाळली असेल, तर प्रोसेसर स्वत:च्या बचावासाठी यंत्र बंद करतो. बोर्डाखाली पडलेला एखादा स्क्रू, चुकीच्या जागी बसवलेला पितळी खांब, वाकलेली यूएसबी पिन किंवा आत शिरलेले झुरळही शॉर्टसर्किटला पुरेसे ठरते.

अशा वेळी बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवावा. त्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि एसएमपीएस ठेवावा. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसेल, तरच कार्ड लावावे. या अवस्थेत संगणक सुरू झाला, तर एकेक भाग जोडत जावे. जो भाग लावताच संगणक बंद पडेल, तो गुन्हेगार. एका वेळी एकच बदल, हा या तपासाचा मुख्य नियम आहे.

फुगलेले कपॅसिटर

बोर्ड बाहेर आलाच आहे, तर त्यावरील नळकांड्यांसारखे कपॅसिटर न्याहाळावेत. त्यांचा माथा सपाट असायला हवा. तो फुगला असेल किंवा त्यातून तपकिरी द्रव पाझरला असेल, तर दोष सापडला असे समजावे. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष द्रव भरलेल्या कपॅसिटरमुळे जगभरातील असंख्य मदरबोर्ड निकामी झाले होते. डेल कंपनीने २००५ मध्ये अशा संगणकांच्या दुरुस्तीपोटी सुमारे ३० कोटी डॉलरची तरतूद केली होती. पुढे घनरूप पॉलिमर कपॅसिटरचा वापर वाढला आणि ही साथ ओसरली. तथापि, त्या काळातील यंत्रे आणि स्वस्त एसएमपीएस यांत हा दोष आजही दिसतो. कुशल कारागीर असे कपॅसिटर बदलून देऊ शकतो आणि तो खर्च नव्या बोर्डाच्या तुलनेत नगण्य असतो.

माहिती सुरक्षित असते का?

संगणक बंद पडला की खरी धास्ती असते ती छायाचित्रे, हिशेब आणि प्रबंधाची. मदरबोर्ड निकामी झाला, तरी हार्डडिस्कवरील माहिती सहसा शाबूत असते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडल्यास ती वाचता येते. मात्र विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’ कुलूप सुरू असेल, तर नव्या बोर्डावर किंवा दुसऱ्या संगणकावर ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागितला जातो. तो नसेल, तर स्वत:चीच माहिती स्वत:ला परकी होते. म्हणून संगणक ठणठणीत असतानाच हा क्रमांक लिहून ठेवावा. काही लॅपटॉपमध्ये साठवणूक चिप बोर्डावरच जडवलेली असते. तेथे नियमित बॅकअपला पर्याय नाही.

इतके करूनही यश आले नाही, तर दुरुस्तीकाराला नेमके प्रश्न विचारावेत. चालू एसएमपीएस आणि चालू रॅम लावून पाहिली का? बीप किंवा दिव्यांनी काय दाखवले? बदललेला भाग परत मिळेल का? ज्याने खरोखर तपासणी केली आहे, त्याला ही उत्तरे देणे अवघड जात नाही. आणि बोर्ड खरोखरच गेला असेल, तर तो कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. जुन्या बोर्डांच्या झाळकामात शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. तोवर शेजारच्याच्या चालू एसएमपीएसने एकदा खात्री करून घेतलेली बरी.