टेकू केव्हा काढायचे?

नव्या इमारतीचा स्लॅब टाकताना तुम्ही पाहिला असेलच. ओले काँक्रीट स्वतःचे वजन पेलू शकत नाही, म्हणून त्याच्या खाली फळ्या आणि टेकू लावतात. यालाच 'सेंट्रिंग' म्हणतात. काँक्रीट मुरते तसतसे ते काढतात, पण सगळे एकदम नव्हे! बाजूच्या फळ्या आधी निघतात. खालचे टेकू बरेच दिवस तसेच ठेवतात. घाई केली, तर स्लॅब कोसळेल.

तुम्ही म्हणाल, हे गवंडीकाम इथे कशाला? कारण माणसालाही असे टेकू लागतात. काहींना जरा अधिक दिवस.

तुमच्या वर्गात असा एखादा मित्र असेल. चुंबकाचा प्रयोग असला की तो तासभर हलत नाही. पण वही घरी विसरतो, प्रश्न अर्धा वाचूनच उत्तर लिहू लागतो. सगळे त्याला आळशी म्हणतात. खरेच का तो आळशी असतो?

अशा मुलांचे वर्णन लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत केले होते. १९८० साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या स्थितीला 'अवधान-न्यूनता' अशा अर्थाचे नाव दिले. १९८७ साली त्या नावात 'अतिचंचलता' हा शब्दही आला. आज तिला 'एडीएचडी' म्हणतात. अर्थात, विसरणारा प्रत्येक जण असा नसतो. लहानपणापासून, घरी आणि शाळेतही ही अडचण सतत येत असेल, तर निदान डॉक्टरांनीच करायचे.

यात मेंदूत काय घडते? बेत आखणे, मनाला आवर घालणे ही कामे मुख्यतः कपाळामागचा भाग करतो. तो विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मेंदूच्या बाह्यकाची जाडी मोजली. ती कमाल होण्याचे मध्यक वय इतर मुलांत सुमारे साडेसात वर्षे, तर या मुलांत साडेदहा वर्षे आढळले. म्हणजे वाट तीच, चाल मात्र सावकाश!

आता समजा, हा मित्र बारावीनंतर साताऱ्याहून पुण्याच्या वसतिगृहात गेला. काल-परवापर्यंत आई हाक मारून उठवीत होती, बाबा फीची तारीख सांगत होते, ताई दप्तर तपासत होती. हे सारे टेकू एकाच दिवशी निघाले! मग तास बुडतात, अर्ज राहून जातात आणि 'आपण नालायकच' असे तो ठरवून टाकतो. दोष त्याच्या बुद्धीचा नसतो. सेंट्रिंग घाईने काढल्याचा असतो.

म्हणून ते दहावीनंतर, घरी असतानाच, एकेक करून काढावे. पहिला महिना फक्त गजराचा. घड्याळ खाटेपासून दूर ठेवायचे. आईने हाक मारायची नाही. ते जमले की खर्चाचे पैसे: आधी आठवड्याचे, मग महिन्याचे. पुढे कपडे धुणे, एसटीचे तिकीट, बँकेचे काम. औषध चालू असेल, तर सात कप्प्यांच्या डबीतून ते स्वतः घ्यायचे आणि डॉक्टरांशीही स्वतः बोलायचे. एखादी पायरी चुकली, तर तेवढाच टेकू काही दिवस परत लावावा; सगळे नव्हेत.

काही आधार मात्र कायम राहिले तरी चालतील. भिंतीवरचे कॅलेंडर, कामांची यादी, फोनमधला गजर यांत लाज कसली? चष्मा लावणाऱ्याला आपण परावलंबी म्हणतो का?

दूरचा डोंगर लहान दिसतो, तशीच तीन महिन्यांनंतरची परीक्षाही या मुलांना फार लहान दिसते. म्हणून मोठ्या कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाला जवळची तारीख द्यावी.

शेवटी एक प्रयोग. हा तुम्ही सर्वांनीच करून पाहा. गृहपाठाला बसण्यापूर्वी किती मिनिटे लागतील याचा अंदाज वहीत लिहा. मग घड्याळ लावून खरा वेळ मोजा आणि शेजारी लिहा. आठवडाभरानंतर दोन्ही रकान्यांतला फरक काढा. तुमचा अंदाज किती चुकतो ते कळले, की शेजारच्या बाकावरच्या मित्राला 'आळशी' म्हणण्यापूर्वी तुम्ही थोडे थांबाल. जमल्यास हा प्रयोग त्याच्याबरोबरच करा.