प्लाझ्माची धार आणि कामगाराचे डोळे

गॅस-कटिंग आपल्या परिचयाचे आहे. त्यात तापलेले लोखंड ऑक्सिजनमध्ये जळते. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम मात्र त्याला दाद देत नाहीत. प्लाझ्मा कटर विजेच्या आर्कने दाबाची हवाच इतकी तापवतो, की कोणताही धातू वितळून उडतो. परंतु कॉम्प्रेसरमधले पाणी रोज काढले नाही, तर ओलसर हवेने इलेक्ट्रोडमधला हाफनियमचा ठिपका लवकर झिजतो. इलेक्ट्रोड व टिप जोडीने बदलावीत, तीही वीज तोडूनच. जस्ताच्या पत्र्याचा धूर अंगात ताप आणतो. आपल्या बीडकडे उसाच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या पोरांना मी विचारतो : टिपेचा खर्च मालकाच्या वहीत असतो, काळ्या काचेविना अधू झालेले डोळे कोणाच्या वहीत? काच मागणे ही याचना नव्हे, तो हक्क आहे.